डेंटर रुद्रप्पाची फुलं

रुद्रप्पाचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. गॅरेज सुटून दोन वर्षं झाली तरी वेळ सुटली नव्हती. रात्रभरात मांजरसुंब्याच्या चौकात चेपलेले ट्रक, जीप येऊन उभे राहायचे. ऊन चढलं की पत्रा तापतो, हात लाववत नाही. म्हणून काम पहाटेचं. चाळीस वर्षं तो त्या वेळेला उठला आणि चेपलेला पत्रा ठोकून सरळ करत राहिला. चौकात त्याला सगळे रुद्रप्पा डेंटर म्हणत.

डेंटर हातापेक्षा कानानं काम करतो. पत्रा बसला की खणकन वाजतो, आत पोकळी राहिली की बद्द. चाळीस वर्षं लोखंडाशेजारी बसून रुद्रप्पाचा उजवा कान पार गेला, डावा अर्धा राहिला. एकदा त्यानं एका जीपचे दोन दरवाजे ठोकून दिले आणि रंग चढल्यावर उन्हात त्यांच्यावर लाटा दिसल्या. दुसऱ्या दिवशी मालकानं रुद्रप्पाला पॉलिशपेपर देऊन शिकाऊ पोरांत घासायला बसवलं. रुद्रप्पानं संध्याकाळपर्यंत घासलं, हातोड्यांची पेटी उचलली आणि घरी आला. परत गेला नाही.

पुढं दीड वर्ष तो ओट्यावर बसून होता. काम केलेल्या माणसाला बसून राहायचं काम जमत नाही. तो दिवसातून तीनदा अंगण झाडायचा आणि बायकोच्या शिव्या खायचा.

अपेक्षा ही त्याची एकुलती लेक, वय एकतीस. तीन वर्षांपूर्वी ती गेवराईहून सासरचं घर सोडून आली ती एक ट्रंक आणि शिलाई मशीन घेऊन. परत नांदायला जायचं नाही, एवढंच तिनं सांगितलं. आईबापानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. सासरचे मात्र चौकात भेटतील त्याला सांगत, कुठवर बसंल माहेरात, दाणापाणी संपलं की येईल. अपेक्षा ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. मग संभाजीनगरात पंधरा दिवस राहून ती एक नवं काम शिकून आली. बागेतली ताजी फुलं-पानं कापडावर पालथी ठेवायची, वरून हातोडीनं ठोकायची. फुलाचा रंग आणि पाकळीची शीर न शीर कापडात उतरते. ते कापड चौकटीत बसवून भिंतीवर लावतात.

शिकून आली खरी, पण जमेना. पाकळी फाटायची, रस बाहेर पळायचा, फुलाऐवजी डाग उठायचा. रुद्रप्पा ओट्यावरून आठ दिवस बघत होता. नवव्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"मधी कावून मारतीस?"

"मग कुठं मारू, अप्पा?"

"कडंनं ये. मधी मारलं की माल कडंला पळतो. पत्र्याचंबी तसंच हाय. सर."

ती सरली. त्यानं पेटीतली सगळ्यात हलकी, गोल तोंडाची हातोडी काढली. मनगट फळीवर टेकवलं, नुसत्या बोटांनी हातोडी उडवायला लागला. आधी पाकळीची कड, मग एक बोट आत, मग त्याच्या आत. डावा पंजा फळीवर पालथा. रस कापडात उतरेपर्यंत फळी मऊ लागते, उतरला की कडक लागते. जे कानाला कळत नव्हतं ते पंजाला कळलं. एका जास्वंदीला त्याला दोनशे ठोके लागले. पाकळ्या खरवडून काढल्या तर खाली आख्खं फूल, देठाशी गर्द, कडेला फिकट. लाल जास्वंद तुरटीत भिजवलेल्या कापडावर जांभळी उतरते. शिरा मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ.

अपेक्षानं एका शिरेवरून बोट फिरवलं. "अप्पा, रोज बसाल का?"

"हजेरी देशील तर बसतो."

"पोरीकडून हजेरी?"

"फुकटचं काम मानूस उरकून टाकतो. गॅरेजात मिळायची तीच दे. दर शनिवारी."

असं ते ठरलं. कापड अपेक्षाचं: मांजरपाट उकळून खळ काढायची, तुरटीच्या पाण्यात रात्रभर भिजवायचं, सावलीत वाळवायचं. मांडणी तिची, शेवटची इस्त्रीही तिची. ठोकणं रुद्रप्पाचं. टायरवाला बंकट येता-जाता कुंपणाशी थांबायचा. दोघं एकाच वयाचे, एकाच चौकात म्हातारे झालेले.

"लिंगायताचा गडी तू. फुलं देवाला वाहायची सोडून हानतोस बे."

"तुझ्या टायरला वाहू का?"

"वाह की. आजवर कुनी वाह्यलं न्हाई त्याला."

आषाढाच्या शेवटी महाबळेश्वरकडच्या एका नव्या हॉटेलनं अपेक्षाचे पाच नमुने बघून मागणी दिली. तीस खोल्या, तीस कापडं. प्रत्येकावर चार जास्वंदी, पाच गोकर्णी, दोन झेंडू. नमुन्यात होती तीच फुलं, तोच रंग. पार्सल चौदा ऑगस्टला निघालं पाहिजे, पंधराला हॉटेल उघडणार. हे वेळेत झालं तर त्यांच्या आणखी दोन हॉटेलांचं काम, म्हणजे वर्षाची भाकर. नाही झालं तर परत ब्लाउज आणि फॉल, आणि गेवराईच्या लोकांचं म्हणणं खरं. अपेक्षानं हातातलं होतं नव्हतं ते कापडात घातलं.

अडचण एकच होती. बाग मल्लम्माची होती.

मल्लम्मा म्हणजे रुद्रप्पाची बायको. घरामागच्या तीस फुटी पट्टीत तिनं एकेक झाड लावलेलं. जास्वंदीची तीन, कुंपणभर गोकर्णी, झेंडूचे दोन वाफे, तगर, कोपऱ्यात बेल. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यात माणसांनी तोंड धुतलं की तेच पाणी बागेला. ती सगळी झाडं तिनं पूजेसाठी जगवली होती. आणि श्रावणात तिचा नेम होता: महिनाभर रोज पिंडीवर घरच्या बागेतली फुलं. विकतचं एकही नाही. बावीस वर्षं नेम मोडला नव्हता. अडचणीच्या दिवसांत सासूनं चालवला, ताप आला तेव्हा रुद्रप्पानं.

आषाढात तिनं फुलं तोडू दिली. पहिली तीन कापडं तशी झाली. श्रावण लागायच्या आदल्या संध्याकाळी ती फळीपाशी येऊन उभी राहिली.

"उद्यापासून आधी देवाला."

"आगं, तारीख हाय."

"देवाला बी तारीख हाय. पूजा झाली की तासाभरानं उतरवून देते. देवानं घेतली, मग उरली ती तुमची. माझंबी राहील, तुमचंबी होईल."

रुद्रप्पाला ते न्यायाचं वाटलं. बायकोच्या बागेत आपण पाहुणे, असं तो मनात धरून होता. अपेक्षानंही मान हलवली. सात वाजता उतरवलेली जास्वंद तेवढी सुकत नाही.

मग रोज तसं चाललं. मल्लम्मा सहाला पिंडीला पाणी घालायची, भस्म लावायची, त्याच भस्माच्या बोटांनी एकेक फूल वाहायची आणि शेवटी चिमूटभर भस्म वरून सोडायची. सातला परडी फळीपाशी यायची. रुद्रप्पा फुलं झटकून घ्यायचा आणि ठोकायला लागायचा. दिवसाला दोन कापडं, बावीस फुलं. श्रावणी सोमवारी मात्र फुलं दुपारपर्यंत पिंडीवरच राहायची, त्या दिवशी एकच कापड. दहा दिवसांत एकोणीस झाली. कुठं पाकळी फाटली नाही, कुठं रस पळाला नाही. रुद्रप्पाच्या खांद्यात रात्री कळ यायची, पण ती कामाची कळ होती. दीड वर्ष ओट्यावर बसून जी आली होती तिच्यापेक्षा बरी.

दहाव्या दिवशी संध्याकाळी अपेक्षानं इस्त्री काढली. वाळलेलं कापड पालथं घालायचं, वर ओलं फडकं, त्यावरून इस्त्री. वाफेनं रंग बसतो. आषाढातली तीन छान निघाली. चौथं उलटलं आणि तिचा हात थांबला.

"अप्पा, इकडं या."

जांभळ्या जास्वंदीवर हिरवट करडे ठिपके उठले होते. गोकर्णीचा निळा तर पार शेवाळ्यासारखा झालेला. तिनं पाचवं घेतलं. तसंच. सहावं. तसंच. झेंडू तेवढे जागेवर होते.

"पानी बदललंय का?" रुद्रप्पानं विचारलं.

"न्हाई."

"तुरटी?"

"तीच. एकाच पोत्यातली."

"मंग काहीतरी बदललंय."

गाडी ठोकून आली की रुद्रप्पा आधी बाहेरून बघत नसे. दरवाजाचं अस्तर काढून आत बघायचा. तीन चांगली, पुढची सगळी वाईट. तीन आषाढातली. त्यानं वाया गेलेल्या तुकड्यावरचं एक चांगलं फूल घेतलं, देवघरात गेला, भस्माच्या वाटीत ओलं बोट बुडवलं आणि जांभळ्या पाकळीवर फिरवलं. त्याच्या डोळ्यांदेखत ती हिरवी झाली. राख ती राखच. कोरडी होती तोवर गप्प बसली, वाफ लागली आणि उठली.

तो तिथंच पाटावर बसला. झटकून घेतलं म्हणजे स्वच्छ झालं, असं त्यानं धरलं होतं. घासल्याशिवाय रंग मारायचा नाही, ही पोरांना शिकवलेली पहिली गोष्ट, आणि तीच तो चुकला होता. भस्म अपवित्र असतं तर त्यानं दहादा पुसलं असतं. देवाच्या गोष्टीत काही खोट असेल, हे मनातच आलं नव्हतं.

मल्लम्मा दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"भस्मानं कशाचं वाटोळं हुत न्हाई," ती म्हणाली.

"मानसाचं हुत न्हाई. रंगाचं झालं."

"आई, फुलं धुऊन घेतली तर पाणी पाणी होतात," अपेक्षा म्हणाली. "तोडल्या तोडल्या हवीत. नऊ दिवस राहिलेत. फक्त नऊ."

"बाजारची आन," मल्लम्मा लेकीला म्हणाली.

"बाजारात जास्वंद कुठं मिळती? झेंडू मिळंल, तोबी औषध मारलेला."

"मग शेजारी माग."

"श्रावणात?"

रुद्रप्पाकडं न बघता मल्लम्मानं भस्माची वाटी जागेवर सरकवली. "बावीस वर्षं, आपा," ती म्हणाली. लेकीला ती लाडानं आपा म्हणायची. "दुष्काळात प्यायला पानी न्हवतं, तवाबी नेम मोडला न्हाई. मला मोडायला सांगू नको. सांगशील तर ऐकावं लागंल, म्हनून सांगू नको."

अपेक्षानं सांगितलं नाही. ती बाहेर जाऊन एकोणीस कापडांची घडी घालत बसली. घडी घालायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रुद्रप्पा सगळा गाव फिरला. कुणी दोन दिली, कुणी देवाला लागतात म्हणून हात जोडले. जोडणारच. अकरा वाजेपर्यंत चालून पाच जास्वंदी, त्यातल्या दोन किडक्या. त्या दिवशी एकही कापड झालं नाही. आता आठ दिवस, सत्तावीस कापडं. दिवसाला तीन करून चोवीस होतात. तीन दिवस चार करावी लागतील. तीन कापडांना बारा जास्वंदी. तिन्ही झाडं मिळून दिवसाला चौदा देतात, पावसाच्या उघडिपीत सोळा. हिशोब साधा होता. उरलेलं सगळं त्याच्यावर होतं, कारण लेक मागणार नव्हती आणि बायको देणार नव्हती. दोघींनी आपापल्या जागी न्यायानंच केलं होतं. अन्याय करायला एकटा तोच मोकळा होता.

दुसऱ्या पहाटे पावणेपाचला तो उठला आणि चुलीकडं न जाता बागेत गेला. जास्वंद पुरती उमललेली नव्हती. त्यानं एकेक तोडली, देठ न दुखवता. बारा घेतल्या, दोन ठेवल्या. गोकर्णी सगळ्या काढल्या. मल्लम्मा साडेपाचला परडी घेऊन आली तेव्हा तो फळीवर पहिलं फूल ठोकत होता. ऐकू कमी येतं त्या माणसालाही पाठीमागचं थांबणं कळतं. त्यानं मान वर केली नाही. कडेनं आत, कडेनं आत. ती झाडापाशी गेली, दोन फुलं आणि बेलाची पानं घेतली, आत गेली. त्या दिवशी तीन कापडं झाली. सहा हजार सहाशे ठोके. अपेक्षानं फुलं कुठून आली हे विचारलं नाही. तिनं फक्त मांडली.

दुसऱ्या दिवशीही त्यानं दोनच ठेवल्या. मल्लम्मानं त्या तोडल्या आणि सरळ फळीपाशी आणून त्याच्या पंजाशेजारी ठेवल्या.

"ह्याबी घ्या."

"त्या तुझ्यासाठी ठेवल्यात."

"ठेवल्या न्हाईत. चोरून उरल्यात." आवाज चढलेला नव्हता. "मला न्हाई म्हनायचं हुतं तर तोंडावर म्हनायचं. चाळीस वर्षं झाली आपल्याला. पावनेपाचला तोंड लपवून कावून?"

"इचारलं असतं तर दिली असती का?"

"न्हाई."

"मग?"

"मग भांडलो असतो. भांडून घेतली असती तर तुमी घेतली असती. आता गेल्या नुसत्या."

ती आत गेली. त्या दिवशी पिंडीवर पाणी आणि बेल. बावीस वर्षांचा नेम मोडला तो एवढ्यात.

रुद्रप्पाला वाटलं हातोडी खाली ठेवावी. पण ठेवून काय झालं असतं? फुलं तोडलेली होती. तोडलेलं वाया घालवणं म्हणजे दुसरी चूक. त्यानं तिनं आणून ठेवलेल्या दोन्हीही ठोकल्या. त्यांना त्यानं पुरते दोनशे-दोनशे ठोके दिले.

पुढचे दिवस घरात भांड्यांचाच आवाज, आणि तो रुद्रप्पाला धड ऐकू येत नव्हता. मल्लम्मा स्वयंपाक करायची, ताट वाढायची, पाणी ठेवायची. बोलायची ती फक्त अपेक्षाशी. बागेत ती येईना. पाणीही अपेक्षानंच घातलं. संध्याकाळी रुद्रप्पा उद्याच्या कळ्या तोडून पेल्यात ठेवायला लागला, त्या पहाटे पेल्यात उमलत. पावसानं उघडीप दिली त्या तीन दिवशी अशानं चार-चार कापडं निघाली. अकरा तारखेला उजव्या अंगठ्याचा सांधा सुजला. त्यानं हातोडीच्या दांड्याला कापड गुंडाळलं आणि हातोडी तर्जनीवर घेतली. ठोका हलका पडू लागला, म्हणून दोनशेच्या जागी अडीचशे. अपेक्षानं एकदा हातोडी मागितली. त्यानं दिली. तिनं एक गोकर्णी ठोकली. बरी आली. त्यानं ती बाजूला ठेवली आणि म्हणाला, "बरीनं भागत न्हाई. पैशे चांगलीचे घेतलेस." हातोडी परत घेतली.

चौदाला दुपारी तीस कापडं बांधली. बांधण्याआधी अपेक्षानं प्रत्येक उलटून पाहिलं, मग वाफ देऊन पुन्हा पाहिलं. ठिपका नव्हता. बंकटनं टेम्पोवाल्याला थांबवून धरलं होतं. पार्सल गेलं. सोळाला हॉटेलातून फोन आला की लावली, आवडली, बाकीच्या दोन हॉटेलांचं दिवाळीनंतर बोलू. अपेक्षा ओट्यावर बसून रडली. मल्लम्मानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. लेकीसाठी तिला बरं वाटलं होतं, तोंडावर दिसत होतं. रुद्रप्पा समोर होता. त्याच्याकडं तिनं पाहिलं नाही.

शनिवारी अपेक्षानं श्रावणातली थकलेली सगळी हजेरी पुढं केली. त्यानं बिघडलेल्या दहा दिवसांची बाजूला काढून परत दिली.

"अप्पा, चूक तुमची न्हवती."

"पत्रा फाटला तर फाडनाऱ्याच्या अंगावर. गॅरेजात तसंच हुतं."

उरली ती शेवटच्या दिवसांची. दीड वर्षाच्या बसून राहण्यानंतरची, सुजलेल्या अंगठ्याची.

श्रावणाचे काही दिवस शिल्लक होते. बाग पुन्हा फुलायला लागली होती. रुद्रप्पानं एक फूलही तोडलं नाही. त्याला वाटलं, आता तरी ती परडी घेऊन येईल. ती आली नाही. तो देवघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"झाडावर हायेत. घे की."

पहिल्यांदा ती बोलली. "ह्या श्रावणात त्या झाडांचं घेनार न्हाई. देवाची म्हनून वाढवली आन मधीच काढून घेतली. आता परत कशी देऊ? भीक घातल्यासारखं हुईल."

"मग फुलावाचून पूजा?"

"चाललीये."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता तो चौकात गेला. तिथं जानकीबाई ट्रकवाल्यांना गाड्यांसाठी हार विकते. बीडहून पहाटेच्या गाडीला तिचा माल येतो. श्रावणात भाव दुप्पट. त्यानं झेंडू, शेवंती आणि थोडे गुलाब घेतले, ओल्या फडक्यात गुंडाळून आणले. जानकीबाई म्हणाली, "तुमच्या बागेत एवढी असून रुद्रप्पा?" तो म्हणाला, "द्या तुमी."

मल्लम्मानं पुडा उघडून पाहिला. वास घेतला नाही. देवाचं फूल हुंगायचं नसतं. "विकतची," ती म्हणाली.

"कामाची हायेत. माझ्या हजेरीची."

तिनं ती परडीत काढली. "वाहते. पन माझ्या नेमातली न्हाईत ही. तुमची म्हनून वाहते."

"वाह."

श्रावण संपेपर्यंत तो रोज सहाला चौकात गेला. घरामागं जास्वंदी उमलत, संध्याकाळी मिटत, दुसऱ्या दिवशी अंगणात पडत. कुणी उचलत नव्हतं. अमावास्येच्या दिवशी शेवटचा पुडा आणला तेव्हा त्याच्या हजेरीतले चहापुरते पैसे राहिले होते. बाकी सगळे फुलांत गेले.